एकवीस खाचा

दातांच्या डॉक्टरांनी घरी एस्प्रेसोचं मशीन आणलं आणि पहिल्याच सकाळी काढा पाजून सगळ्या घराचं तोंड वाकडं केलं. कॉफी फार बारीक दळली जातेय, असं त्यांचं निदान. मशीनमधल्या कॉफी दळायच्या चक्कीच्या चाकावर आकडे नव्हते, नुसत्या खाचा होत्या. मग दळण जाडसर व्हावं म्हणून रोज सकाळी चाक एक खाच सैल करायचं, कॉफी काढायची, घोट जिभेवर घोळवायचा आणि वहीत नोंद करायची, असा नेमच सुरू झाला. पहिला दिवस: जळकट. आठवा: कडूपणा निवळतोय. पंधरावा: मागून संत्र्याची चाहूल.

"मला तर रोज सारखीच लागते," बायको म्हणाली.

"त्याला जीभ लागते," डॉक्टर म्हणाले.

एकविसाव्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घोट घेतला, वहीत 'अप्रतिम' लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि आईला बजावलं, "आता या चक्कीला कुणी हात लावायचा नाही. एकवीस खाचांची तपश्चर्या आहे."

"म्हणजे बंदही करायची नाही?" आईने विचारलं. "अरे, रोज तू दवाखान्यात गेलास की मीच ती पुसते आणि चाक गच्च आवळून ठेवते, गॅसच्या बटणासारखं. तू आपला रोज एक खाच उघडी टाकून जातोस."

डॉक्टरांनी हळूच वही मिटली. बायकोने पडदा सरकवला, त्यांची खुर्ची उजेडाकडे वळवली आणि म्हणाली, "आ करा बघू."