अस्सल नमुने

भाषाशास्त्राचे विभागप्रमुख म्हणजे सांत्वनाच्या भाषेतले मोठे तज्ज्ञ. दुःखात बुडालेल्या माणसाशी काय बोलावं आणि काय बोलू नये, हे ते मानसशास्त्राच्या आधाराने भल्याभल्या समुपदेशकांना शिकवत. त्यांच्या एका विद्यार्थिनीची पीएचडी त्यांच्याच हाताखाली, त्याच विषयावर चालली होती.

वडील गेल्यानंतर ती पहिल्यांदाच विभागात आली, तेव्हा सरांनी तिला बसायला सांगितलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि आवाज अगदी लोण्यासारखा मऊ केला.

"फार वाईट झालं गं. तुझ्या मनाची काय अवस्था असेल, मी समजू शकतो."

आईसमोर इतके दिवस आवरून धरलेलं रडू आता इथेच फुटणार, असं तिला वाटलं.

"घरी भेटायला बरीच माणसं आली असतील ना?"

"हो सर. रीघच लागली होती."

"मग त्यांचं बोलणं रेकॉर्ड केलंस की नाही?"

तिला आधी वाटलं, आपलीच काहीतरी ऐकण्यात चूक झाली. पण सर पेन उघडून बसले होते.

"नाही केलं, सर."

सरांनी कपाळाला हात लावला. "कमाल करतेस! असल्या अस्सल नमुन्यांसाठी लोक वर्षानुवर्षं वणवण करतात. तुझ्या तर दारात चालून आले होते. अशी सोन्यासारखी संधी पुन्हा मिळणार आहे का?"

तिचं रडू जागच्या जागी आटलं. तिने पर्स खांद्याला अडकवली, खुर्ची सरळ केली आणि सरांकडे नीट बघितलं.



"मिळेल की, सर. तुमच्या वडिलांची तब्येत कशी असते हल्ली?"