सगळं तुम्हीच उचलताय

"सगळं तुम्हीच उचलताय, सर," बारखाली हात लावून अर्धं वजन स्वतः उचलत निनाद म्हणाला. शहरभर शाखा असलेल्या त्या जिममधला प्रत्येक ट्रेनर हेच म्हणतो. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत, प्रोत्साहन म्हणतात.

आज मात्र हर्डीकर सरांनी आपली ताकद दाखवायला बायकोला आणलं होतं. बाकावर उताणा नवरा, वर लोखंडी बार आणि डोक्याशी उभा हा तरणाताठा ट्रेनर. मॅडमनी सगळं नीट पाहून घेतलं.

"तुम्ही जरा हात काढता का?" त्यांनी निनादला विचारलं.

"काढ रे," सर म्हणाले. त्यांचा स्वतःवर पूर्ण विश्वास होता, कारण तो निनादनंच बसवला होता. बार छातीवर अडकला असता, तर सरांची अब्रू आणि निनादचं गिऱ्हाईक एकदमच गेलं असतं.

निनादनं हात काढले. बार छातीपर्यंत आला, थरथरला आणि सावकाश वर गेला. सर लाल झाले, निनाद पांढरा पडला. रोज आपणच उचलत राहिल्यानं सरांच्या अंगात ताकद कधी आली, हे त्याला कळलंच नव्हतं.

"मग तुमचं इथे काम काय?" मॅडमनी विचारलं.

निनाद बारच्या चकत्या उतरवत म्हणाला, "या मॅडम. आता तुमचं बघू."

"काहीतरीच तुमचं," म्हणत मॅडमनी पर्स नवऱ्याच्या हातात दिली.