दार लागत नाही

बसच्या दाराची कडी तुटली होती. दार लागल्याशिवाय डबल बेल द्यायची नाही, हा नियम कंडक्टर वैजयंताने आजवर मोडला नव्हता.

“द्या की बेल, ताई,” पुढच्या बाकावरची आजी म्हणाली. शेजारी सून, तिच्या मांडीवर तापाने फणफणलेलं पोर. “आम्ही आमच्या जबाबदारीवर बसलोय.”

“घाटात कोणी पडलं की तुमची जबाबदारी माझ्याच गळ्यात येते, आजी. दुसरी गाडी मागवलीय.”

“ती येईस्तोवर दवाखाना बंद होईल.”

रोजच्या या वादांनी वैजयंताचा जीव विटला होता. एकेक जण बडबडत उतरला आणि समोरच्या वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपकडे गेला. जीप आधीच भरलेली. आजीला कोणीतरी आत कोंबलं. सून मागच्या पायरीवर चढली. एका हातात छताचा गज, दुसऱ्या हातात पोर.

“तुम्ही तुमचं काम केलंत,” ड्रायव्हर इंगवले मामा म्हणाले.

रिकामी बस अगदी सुरक्षित उभी होती.

वैजयंता खाली उतरली. जीपमागे जाऊन तिने सुनेच्या हातातलं पोर घेतलं. “चला परत. सगळेच चला.”

“मघाशी काय झालं होतं?” आजी फणकारली.

वैजयंताने पोर सुनेच्या मांडीवर देत सगळ्यांना बसमध्ये बसवलं. कोणाच्या तरी गाठोड्याची दोरी सोडून तिने दार बांधलं, आणि दाराला पाठ लावून पायरीवर उभी राहिली.

“दोरी तुटली तर आधी मी पडेन, मामा. तेवढं ध्यानात ठेवून चालवा.”

मामांनी घाटभर गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.