उरलेलं मोजायचं

“पुन्हा तेच!” सरांनी कपाळावर हात मारला. “अगं, थेट मोजता येत नाही म्हणून तर हा सगळा खटाटोप.”

“पण सर, उरलेलं कशाला मोजायचं?” तिनं विचारलं.

हा प्रश्न ती रोज विचारायची. नोकरी सांभाळून शिकणारी, वयानं जरा थोराडच. पण आज शिकवलेलं उद्या सफाचट. उभ्या हयातीत सरांना इतकी ढ विद्यार्थिनी लाभली नव्हती. तरी संध्याकाळी जिन्यात तिची पावलं वाजायच्या आधीच ते शर्टाची बटणं लावून, फळा पुसून तयार असायचे. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे दुसरं येत होतं कोण? घरात खुर्च्या चार, त्यातली एकच झिजलेली. एकटेपणाला सर आता कंटाळले होते, हे खरं.

“हे बघ, अंड्याचं कवच,” सर फळ्याकडे वळले. “पाण्यात विरघळत नाही. आम्लात विरघळतं, पण शेवटी शेवटी इतकं रेंगाळतं की थेंब थेंब टाकत बसलो तर संपलं कधी ते कळायचंच नाही. म्हणून आम्ल मोजून, पण भरपूर ओतायचं. समज, पन्नास मिली. कवचाला हवं तेवढं ते खाईल. राहिलेल्या आम्लाला तेवढ्याच ताकदीचं अल्कली लागलं वीस मिली. मग कवचानं आम्ल खाल्लं किती?”

“वीस?”

“अगं बाई, वीस उरलं!”

“मग तीस.”

“आत्ता कसं! लाजरा पाहुणा ‘किती बिस्किटं खाल्ली’ म्हटलं तर सांगेल का? ताट भरून ठेवायचं, आणि तो गेला की उरलेली मोजायची. त्याला विचारायचं नाही, त्याला कळूही द्यायचं नाही.”

ती मान खाली घालून ऐकत होती.

“आता उरलेलं आम्ल संपलं हे कळणार कसं? तर आधीच त्यात दोन थेंब टाकून ठेवायचे...” सर थांबले. खडू फळ्यावर तसाच टेकलेला राहिला. “ते आपलं... गुलाबी होणारं...”

“फिनॉल्फ्थॅलिन?” ती हळूच म्हणाली.

“तेच! अगदी जिभेवर होतं माझ्या.” सर खूश झाले. “पाठांतर चांगलं आहे हं तुझं. समजण्यातच गोची आहे.”

ती उठून चहा करायला गेली. साखरेचा डबा कुठे, गाळणं कुठे, तिला एव्हाना पाठ होतं. चहा झाल्यावर गॅसचं बटण दोनदा तपासायची खोडही होती. जरा आगाऊच कार्टी. पण सर चालवून घ्यायचे.

चहा पिताना त्यांची नजर भिंतीवरच्या फोटोकडे गेली. दोन वेण्या, शाळेचा गणवेश, कपाळावर आठी.

“माझी मुलगी,” सर म्हणाले. “आता कॉलेजात शिकवते. केमिस्ट्रीच. पण बापाकडे फिरकत नाही बघ. मोठी माणसं झाली, वेळ कुठला त्यांना?”

“येईल हो, सर.”

“काय येतेय! मी रोज वाट बघतो.” सर अजून फोटोकडेच बघत होते. “परीक्षेला मात्र फार घाबरायची. बाहेर बाकावर बसून राहायचो मी, पेपर सुटेपर्यंत. खिडकीतून मी दिसलो की मगच लिहायला लागायची.”

तिनं कप खाली ठेवला. काही तरी बोलायचं धाडस ती करत असावी, असं सरांना वाटलं.

“सर, शनिवारी परीक्षा आहे.”

“शनिवारी? आणि तुझी ही तयारी?”

“खूप भीती वाटते. तुम्ही बरोबर याल?”

घराबाहेर पडायचं सर हल्ली टाळायचे. परवा कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना गल्ली चुकली होती. शेजारीण दवाखान्यात चला म्हणून मागे लागली, तेव्हा तिच्या तोंडावर त्यांनी दार आपटलं होतं. पण समोरची पोर परीक्षेला घाबरली होती.

“येईन,” ते म्हणाले. “बाहेर बाकावर बसेन. घाबरायचं नाही. आणि एक विचारू? परीक्षा झाली तरी येशील ना इकडे?”

“येईन ना, सर. रोज येईन.”

ती बाहेर पडली. सरांनी आतून कडी लावलेली ऐकेपर्यंत ती दाराशीच थांबली. मग जिना उतरून तिनं फोन लावला.

“डॉक्टर, शनिवारी येतायत ते तपासणीला,” डोळे पुसत ती म्हणाली. “नाही, मला अजून ओळखत नाहीत. पण परीक्षेची भीती वाटते म्हटल्यावर बाबा लगेच तयार झाले.”