अकरा नंबरची खाट

"टायफॉइडच्या लशीवर एवढा पैसा ओतला, त्यातून झालं काय?" यंदाचा लशीचा खर्च खोडायला आलेल्या रुग्णालयाच्या खजिनदारांनी पेन उघडत विचारलं. "काहीच झालं नाही," सिस्टर अभिमानाने म्हणाल्या आणि त्यांना टायफॉइडच्या वॉर्डात घेऊन गेल्या. लस येण्याआधी एकेका खाटेवर दोन-दोन पोरं फणफणून पडायची. अकरा नंबरवर खुद्द खजिनदारांच्या नातीने वीस दिवस काढले होते. आज सगळ्या खाटा रिकाम्या होत्या. अकरा नंबरवर मात्र मांजरी चार पिल्लांसह ऐसपैस झोपली होती. "एवढाच पेशंट?" "हो काका, बाळंतीण. खर्च वाटीभर दूध." खजिनदार बोटांवर नातीची सलाइनं, औषधं, मुलाचा बुडालेला पगार मोजू लागले, बोटं संपली. मांजरी जागी होऊ नये म्हणून श्वास रोखून त्यांनी मंजुरीची सही केली. "सिस्टर," ते कुजबुजले, "पुढच्या वर्षीही काहीच झालं नाही पाहिजे!"