पानांपुरती सावली

पंचाहत्तर सालच्या थंडीत राजम्माची हाडं कुरकुरायला लागली. चाळीस वर्षं तिनं दाराला ओलं पोतं लावून अंधाऱ्या खोलीत विड्या वळल्या होत्या. ऊन लागलं की तेंदूचं भिजवलेलं पान तडकतं. दवाखान्यात हे ऐकून डॉक्टर हसले. “सोलापुरात राहून ऊन कमी पडलं? ड जीवनसत्त्व उन्हातून मिळतं. रोज सकाळी अंगणात बसा.” “आणि पानं?” डॉक्टरांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्यामागं राहिलेली छत्री अंगणात खाटेला बांधली, सावलीत पानांची टोपली ठेवली आणि स्वतः उन्हात बसली. “छत्री डोक्यावर धरा की,” शेजारीण हसली. राजम्माचे हात थांबले नाहीत. आठव्या दिवशी आत विड्या वळणारी विशीतली सून कंबर धरून उठली. राजम्मानं पोतं ओढून काढलं. “टोपली घेऊन बाहेर ये.” “छत्री एकच हाय की, अत्तम्मा.” “दोघींच्या पानांना पुरंल.”