पक्का रंग

द्वारकाबाईंनी गरम पाण्यातून पिळलेलं फडकं मुलीच्या तोंडावर ठेवलं, थोडं दाबलं आणि हलक्या हातानं पुसत उचललं. तेल निघालं होतं. तेलाबरोबर पावडरीचा उरलासुरला कणही निघाला होता. कपाळावरचा रंग मात्र जागचा हलला नव्हता.

"बघ, धक्कासुद्धा लागला नाही," त्या म्हणाल्या.

"मग लुगड्यांनाही हाच रंग देऊ," प्रयाग डोळे मिटूनच म्हणाली. "गुलमंडीच्या बाजारात दुकान टाकू."

प्रयागच्या डाव्या भुवईच्या वर कोडाचा डाग होता. आधी मुगाच्या डाळीएवढा होता, आता रुपयाएवढा झाला होता. पावडरीनं तो झाकायचा, पण गल्लीतली तोंडं कशानं झाकणार? जमत आलेली स्थळं परत गेली होती. आणि उद्या कन्नडहून मनकर्णाबाई मुलगी पाहायला येणार होत्या. त्यांच्यापुढं पावडरीचा इलाज चालणारा नव्हता. बाई दिसायला गरीब, पण मुलीचं तोंड स्वतःच्या हातानं तेलानं पुसून काढतात, अशी त्यांची ख्याती होती. पडेगावच्या एका मुलीचं त्यांनी असंच पुसलं होतं. तिच्याबद्दलही डागाची कुजबुज होतीच. पुढं कन्नडहून होकार गेला नाही. काय निघालं, ते कुणाला कळलं नाही.

रंगाची युक्ती द्वारकाबाईंच्या भावाची, पुंजारामची. तो नगरपालिकेत कामाला होता. विहिरींत टाकायचं लाल औषध त्यानं कागदाच्या पुडीत आणून दिलं होतं. चिमूटभर टाकलं की पाणी जांभळं व्हायचं, आणि तेच पाणी कातडीला लावलं की हळूहळू तपकिरी उतरायचं. हा रंग तेलात विरघळत नाही, साबणानं जात नाही. कातडीची वरची साल झडेल तेव्हाच तिच्याबरोबर जातो. द्वारकाबाईंना त्यातलं कारण ठाऊक नव्हतं. त्यांनी रोज तेल लावून खात्री करून घेतली होती. पहिल्यांदा औषध जास्त पडलं तेव्हा प्रयागचं कपाळ पोळलं होतं. ती रडली नाही, म्हणून द्वारकाबाईंनाच रडू आलं होतं.

"आणि लग्नानंतर?" प्रयागनं विचारलं.

"लग्नानंतरचं लग्नानंतर. गळ्यात पडलेलं मंगळसूत्र कुणी काढून घेत नाही."

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई एसटीनं आल्या. सोबत त्यांचे दीर होते. ते ओट्यावर पुंजारामशी पावसापाण्याचं बोलत बसले. मुलगा आला नव्हता.

"बद्रीनाथला आणायचं की," द्वारकाबाई म्हणाल्या.

"त्याला चारचौघांत यायला नाय आवडत. कचेरीतून घरी, घरून कचेरीत. पण लई नीटनेटका. भर उन्हाळ्यात सदऱ्याच्या बाह्या मनगटापतूर, गळ्याचं बटणसुदिक लावलेलं." मनकर्णाबाईंनी कपातला चहा बशीत ओतला, पण प्यायल्या नाहीत. "बाई, एक विचारू का? माणसाच्या अंगाला काही ना काही असतंच. पोरीचं काही असंल तर सांगून टाका. आम्ही काय फाशी देणार नाय."

द्वारकाबाई मनात म्हणाल्या, पोलीससुद्धा आधी असंच गोड बोलतो.

"काहीच नाही हो. लोकांना काय, जीभ आहे म्हणून हलवतात."

"व्हय, पण माझ्यापाशी मन मोकळं करा. डाग चालंल एक वेळ, खोटं बोलणारं घर नाय चालायचं."

"भद्रा मारुतीची शपथ," द्वारकाबाई म्हणाल्या. दाराशी उभ्या असलेल्या प्रयागनं मान खाली घातली. पाहुण्यांना तो लाजाळूपणा वाटला असावा.

मनकर्णाबाईंनी करडीचं तेल मागितलं, त्यात थोडं एरंडेल टाकायला सांगितलं. "करडीचं पातळ, ते मळ सोडवतं. एरंडेल घट्ट, ते धरून ठिवतं. साबणापरीस बरं. ये गं माय, बस इथं."

त्यांचा हात मऊ होता. हनुवटी, गाल, नाक करत बोटं गोलगोल फिरत कपाळावर आली आणि डाव्या भुवईवर रेंगाळली. द्वारकाबाई पुढं सरकून त्या बोटांकडं पाहू लागल्या. नेमकी तीच जागा. गल्लीतल्या कुणीतरी बोट ठेवून सांगितल्याशिवाय हे होणार नाही.

गरम फडक्यानं पुसलं. मनकर्णाबाईंनी हनुवटी धरून प्रयागचं तोंड खिडकीच्या उजेडात वळवलं. पुन्हा तेल लावलं, पुन्हा पुसलं. मग पदराचं टोक ओलं करून तेवढीच जागा आणखी एकदा घासली.

"कायच नाय," त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज थकलेला होता. प्रवासाचा शीण, द्वारकाबाईंना वाटलं.

"मी म्हटलं नव्हतं?" द्वारकाबाई घाईनं आत गेल्या आणि साखरेची वाटी घेऊन आल्या. "तोंड गोड करा, ताई. आता बद्रीनाथरावांना घेऊन कधी येता?"

मनकर्णाबाईंनी साखर घेतली नाही. फडकं घडी करून बाजूला ठेवलं आणि प्रयागच्या डोक्यावरून दोनदा हात फिरवला. मग हळूहळू उठल्या.

"राग धरू नका, बाई. हे जमायचं नाय."

"का पण? तुम्ही स्वतःच पाहिलंत ना, कुठं डाग आहे का?"

"तेच तर," मनकर्णाबाई चपला शोधत म्हणाल्या. "डागाचं ऐकूनच तर आशेनं आल्ते मी, माझ्या बद्रीनाथचं निम्मं अंग कोडानं पांढरं झालंय, त्याला तुमच्या या नितळ लेकराच्या गळ्यात बांधून मी पाप कशाला घेऊ?"